तेरची हस्तिदंती बाई सगळ्या बाजूंनी दिसू द्या : वस्तुसंग्रहालयांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका. कळंब तालुक्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. आमची सहल ठरलेली असायची, तेरची. आधी गोरोबाकाकांची समाधी, मग त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मग नदीकाठी डबे, आणि डबे खाऊन पेंगुळलेल्या पोरांना घेऊन रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. हा क्रम चुकीचा होता हे मला फार उशिरा कळलं. पोट भरलेल्या मुलाला सातवाहन दाखवू नयेत.

तरी एका वर्षी एक पोरगा जागा होता. त्या संग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ही बाहुली खेळायची व्हती का पुजायची?" मी त्याला "प्राचीन शिल्प आहे" असं काहीतरी सांगून पुढे ढकललं. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की त्या पोरानं विचारलं तेच विद्वानांनीही विचारलेलं आहे.

आपल्याला हे ठाऊकच आहे, पण पत्र खुलं आहे म्हणून इतरांसाठी सांगते. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात, वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. ती भारतातून गेलेली होती. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे ती त्याआधीच तिथं पोचली होती. आधी तिला लक्ष्मी म्हणाले, मग यक्षी म्हणाले. डोक्यापासून खाली भोक पाडलेलं, म्हणून कुणी आरशाची मूठ म्हटलं, कुणी चौरंगाचा पाय. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी तेरला, आणि जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती निघाली. तीन बहिणीच म्हणा. एक सासरी गेली ती समुद्रापार, दोघी माहेरीच राहिल्या.

ती गेली कशी, याचाही माग आहे. पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर असल्याचं म्हटलंय. तगर म्हणजे तेर. तिथला माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जायचा. तिथून पुढे मोसमी वाऱ्यावर गलबतं. हे मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचा हमखास विचारायचा, "मॅडम, आपल्या तेरहून? खरंच?" त्या "खरंच?"ला उत्तर म्हणून दाखवायला माझ्याकडे खडू होता.

आता मुद्द्यावर येते.

आमच्या शाळेत शेवटच्या काही वर्षांत भिंतीवरचा मोठा टीव्ही आला. नेदरलँड्समधल्या रिक्स म्युझियमनं रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच' या चित्राचे ८,४३९ फोटो जोडून एक प्रतिमा तयार केली, ७१७ अब्ज पिक्सेलची, आणि २०२२ च्या जानेवारीत ती सगळ्या जगासाठी फुकट ठेवली. मी ती मुलांना दाखवली. मोठं करत करत गेलं की रंगाला पडलेल्या बारीक भेगा दिसतात, एका माणसाच्या डोळ्यातला रंगाचा ठिपका दिसतो. पोरं खिळली होती. आणि माझ्या मनात आलं, ॲमस्टरडॅमच्या चित्रातली भेग आमच्या पोरांना दिसते. तासाभराच्या अंतरावरची आपली बाई मात्र पुस्तकातल्या एका फोटोपुरतीच, तीही एकाच बाजूनं. तिची पाठ कशी आहे हे मी त्यांना टीव्हीवर दाखवू शकले नाही.

ह्या पत्रातली पहिली आणि खरं तर एकमेव मागणी हीच आहे. आपल्या अखत्यारीतल्या संग्रहालयांमधली प्रत्येक वस्तू नीट नोंदवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, जिथं शक्य तिथं फिरवून बघता येईल अशी त्रिमिती प्रत करा, आणि ते सगळं मराठी वर्णनासह लोकांसाठी मोफत उघडं ठेवा. बाकीचं, म्हणजे पडदे, प्रकाश, आवाज, चष्मे, हे त्यानंतर. पाया नसताना मजले चढवायची घाई नको.

ही घाई होते हे मी पाहिलंय. निवृत्तीनंतर लेकीकडे गेले असताना एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात गेले. नाव सांगत नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांचा त्यात दोष नव्हता. दारातच 'आभासी सफर' असा झगझगीत फलक. आत सहा खुर्च्या, सहा हेडसेट, त्यांवर प्लॅस्टिकची पिशवी. शिपाईदादा म्हणाले, "ते चार्जर गेलेत. कंपनीचा माणूस यायचाय." कधी यायचाय? "दिवाळीच्या आधीपासून यायचाय." होळी चार दिवसांवर होती. शेजारच्या दालनात एका सुंदर ताम्रपटाखाली चौकोनी कोड चिकटवलेला. मोबाईल धरला तर पान सापडत नाही असा इंग्रजी निरोप. ताम्रपटाच्या पाटीवर मजकूर किती? 'ताम्रपट. तांबे.' एवढाच. तांब्याचा ताम्रपट तांब्याचा असतो, हे कळायला तिकीट काढावं लागू नये.

मला यंत्राचा राग नाही. राग आहे तो गोष्टीच्या जागी यंत्र आणून बसवण्याचा. कंपन्यांच्या सादरीकरणात 'इमर्सिव्ह' हा शब्द येतो. माणूस आत ओढला जाईल, स्वतःला विसरेल असा अनुभव. अहो, आमच्याकडे याला कीर्तन म्हणतात. एक माणूस, वीणा, टाळ, आणि दोन हजार लोक रात्री बारापर्यंत कालियाच्या डोहात बुडालेले. पिंगुळीचे चित्रकथी कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरत रामायण उभं करायचे. वीज नव्हती, पडदाही नव्हता. या मातीला गुंगवून टाकणारे अनुभव नवे नाहीत, साधन तेवढं नवं आहे. म्हणून साधन विकणाऱ्याच्या आधी गोष्ट सांगणाऱ्याला बोलवा.

तेरचंच घ्या. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते, यात्रा भरते. वारकरी येतात, बायका येतात, शेतातली कामं आटोपून आलेली आख्खी घरं येतात. संग्रहालयाला असा प्रेक्षक वर्षभर शोधून मिळायचा नाही, आणि तो चालत दारापर्यंत आलेला असतो. त्या दिवसांत समाधीच्या वाटेवर एक काळा तंबू ठोका. आत हेडसेट नकोत. पंचाहत्तर वर्षांच्या आजीच्या पदरावर हेडसेट चढत नाही आणि तिच्या मागे तीनशे माणसं उभी असतात. एक भिंत, एक प्रोजेक्टर, दोन बरे स्पीकर, जनित्राची सोय. बारा मिनिटांचा खेळ. तेरच्या बाजारातून गाडी निघते, बैलांच्या घुंगरांचा आवाज, पैठण, घाट, भडोच, गलबत, समुद्र, आणि शेवटी पाँपेईच्या घरातला अंधार. मग उजेड, आणि समोर तिन्ही बहिणी शेजारी शेजारी, सावकाश फिरत असलेल्या. हे प्रत्यक्षात कधी होणार नाही. नेपल्सची बाई तेरला यायची नाही, तिचा विमा आपल्याला परवडायचा नाही. पण प्रकाशात तिघी एकत्र उभ्या राहू शकतात. डिजिटल साधनाचा खरा उपयोग मला इथं दिसतो, जे एरवी होऊच शकत नाही तिथं. जी वस्तू समोर काचेत आहे तिचीच जाहिरात काचेशेजारी पडद्यावर लावण्यात काय हशील?

आवाज कुणाचा असावा यावरही माझं मत आहे. नटाचा नको. तेरला मातीच्या वस्तू अमाप सापडल्या, साच्यातून काढलेल्या बाहुल्या, भांडी, मणी. आणि तेर गोरा कुंभाराचं गाव. चाकावर हात असलेल्या एखाद्या कुंभाराला ती दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची मूर्ती हातात घेऊ द्या, निदान तिची प्रतिकृती, आणि तो काय बोलतो ते ध्वनिमुद्रित करा. ती कशी भाजली असेल, कुठे अंगठा दाबला असेल, हे तो आपल्या बोलीत सांगेल. ते ऐकायला मी पुन्हा तिकीट काढीन.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे जावं लागेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमधून संग्रहालय शाळांपर्यंत न्यायला सुरुवात केली, हे उदाहरण घरचंच आहे. दुसरा मार्ग त्याहून स्वस्त. बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांना कोड छापलेले असतात, शिक्षकांना त्यांची सवय झाली आहे. सहावीच्या इतिहासात सातवाहन येतात. त्या पानावर तेरची बाई ठेवा, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला आणि तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयातला रोमन पोसायडन ठेवा. कोल्हापुरात ग्रीक-रोमन समुद्रदेव सापडतो, ही बातमी बाराव्या वर्षी कळलेलं पोर इतिहासाला कधी कंटाळणार नाही. मात्र एक विनंती, स्वतंत्र ॲप काढू नका. आमच्याकडच्या फोनांत जागा नसते. लग्नाचे व्हिडिओ पुसून संग्रहालयाचं ॲप कुणी घेत नाही. साधं पान, कमी डेटात उघडणारं, मोबाईलवरून पुढे पाठवता येणारं. आणि शिक्षकाला पेनड्राइव्हवर घेता येईल अशी प्रत, कारण ज्या तासाला दाखवायचं त्याच तासाला रेंज जाते, असा माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. आधी वीज जायची, मग रेंज. प्रगती आहेच.

औंधचं श्रीभवानी चित्रसंग्रहालयही आपल्याकडेच. ते १९३८ चं, म्हणजे पाँपेईची बाई मातीतून वर आली त्याच वर्षीचं. तिथं राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं एक शिल्प आहे. साताऱ्याच्या त्या डोंगरावर हेन्री मूर! हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. माझं अज्ञान म्हणा, पण मी काही वाचन नसलेली बाई नव्हे. मग न वाचणाऱ्यांपर्यंत हे कसं जाणार? नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक अजून 'अजब बंगला' म्हणतात. १८६३ पासूनचं ते. इतकं सुंदर नाव लोकांनी आपण होऊन दिलंय. कुठल्याही जाहिरात कंपनीला ते सुचलं नसतं. संकेतस्थळाला तेच नाव द्या की.

तंत्र परकं नाही, हेही सांगते. संग्रहालयांतल्या वस्तूंची डिजिटल नोंद ठेवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं प्रणाली तयार केली, तिचं नावच 'जतन'. देशातल्या दहा मोठ्या संग्रहालयांमध्ये ती वापरली गेली, त्यांत जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालयही आहे. पुण्यात बनलेली, मराठी नावाची वस्तू गावोगावच्या आपल्या संग्रहालयांपर्यंत पोचायला हवी, एवढंच.

जतन या शब्दावर थोडं थांबते, कारण इथंच गाडी रुतते. फीत कापायला पैसा मिळतो, वीजबिलाला मिळत नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्र उभं राहिलं, चार लेण्यांच्या मोठाल्या प्रतिकृती करून. कल्पना चांगली होती. खऱ्या चित्रांना श्वासांचा आणि गर्दीचा त्रास होतो, तेव्हा लोकांनी आधी इथं निवांत पाहावं आणि मग लेण्यात थोडा वेळ जावं. फ्रान्समध्ये लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९६३ मध्ये बंद केल्यावर तिची प्रतिकृती १९८३ पासून लोक पाहतात, आणि २०१६ मध्ये नवी, आणखी मोठी प्रतिकृती झाली. आपलं केंद्र मात्र वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं, हे वर्तमानपत्रांत आलं. ते आपल्या खात्याचं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण धडा सगळ्यांचाच आहे. निविदेत यंत्राच्या किमतीशेजारी पाच वर्षांची देखभाल, वीज, आणि ते चालवणाऱ्या स्थानिक माणसाचा पगार हे रकाने भरले नसतील, तर ती निविदा काढूच नये. आणि ठेकेदाराचं काम संपलं की मूळ फोटो, मूळ ध्वनिफिती, मूळ फायली खात्याच्या ताब्यात यायला हव्यात. नाहीतर कंपनी बंद, पासवर्ड गायब, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून.

फायली एकाच जागी ठेवू नका, हे सांगायलाही अजिंठाच पुरेसा आहे. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ नंतर वर्षानुवर्षं तिथं राहून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा बसले, पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या कितीतरी गेल्या. भिंतीवरची मूळ चित्रं दरम्यान झिजतच होती. दोनदा नक्कल, दोनदा आग. त्या विद्यार्थ्यांत आपल्याच मुंबईची पोरं होती. लेण्यांच्या अंधारात घालवलेले त्यांचे दिवस आठवले की मला आजही वाईट वाटतं.

खरेपणाबद्दल एक नाजूक गोष्ट. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. लोक लांबून लांबून आले. ही वाघनखं महाराजांनी वापरली तीच, याची खात्री देता येत नाही, असं व्ही अँड ए स्वतःच म्हणतं. त्यावर आपल्याकडे पुष्कळ धुरळा उडाला. मला वाटतं, असा वाद दडपून किंवा ओरडून सुटत नाही. तो दालनात मांडावा. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे ती कशी आली असं सांगितलं जातं, कागदपत्रं कुठवर साथ देतात, कुठं थांबतात, हे एका साध्या पडद्यावर बोट फिरवत पाहता आलं तर लोक समजून घेतात. माझी सातवीची पोरं घेत होती. महाराजांवरचं प्रेम पुराव्याची वाट पाहत बसलेलं नाही, त्याला धक्का लागत नाही. उलट हल्ली संगणकाकडून पाहिजे तशी 'ऐतिहासिक' चित्रं बनवून घ्यायची सोय झाली आहे, तिची मला जास्त भीती वाटते. चकचकीत सातवाहन राणी, अंगावर पैठणी, मागे राजस्थानी महाल. संग्रहालयाच्या भिंतीवर असलं एकही चित्र येऊ देऊ नका. जे कल्पनेनं भरलं ते कल्पनेनं भरलंय, असं तिथंच लिहा.

हात लावू देण्याचं राहिलंच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचं दालन उघडलं, तिथं प्रतिकृतींना हात लावून पाहता येतं. मुख्यतः दृष्टिहीनांसाठी. त्रिमिती फाईल एकदा झाली की तीच छपाईयंत्रात घालून अशी प्रतिकृती निघते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला अगदी जवळचंच दिसायचं. सहलीला ती काचेला नाक लावून उभी राहायची आणि राखणदार तिला मागे ओढायचे. त्यांचंही बरोबर होतं. तिच्या हातात ती बाई, प्लॅस्टिकची का होईना, ठेवता आली असती तर मी उरलेली सगळी मागणी सोडून दिली असती.

आता प्रत्यक्ष काय मागते ते. बाहुलीबद्दल विचारणारा तो पोरगा आज लातुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मागच्या महिन्यात त्यानं माझ्या घरातला जुना रांजण अंगणात ठेवला, त्याच्याभोवती गोल फिरत आपल्या फोननं ऐंशीएक फोटो काढले, संगणकात घातले, आणि संध्याकाळी तो रांजण मला पडद्यावर बोटानं फिरवून दाखवला. आतला चुन्याचा थरसुद्धा दिसत होता. खर्च, माझ्या हातच्या दोन कप चहाचा. "बाई, तेरच्या बाहुलीचं असं करू का? परवानगी काढा तुम्ही," असं तो म्हणाला. ती परवानगी मागते आहे. एक सोमवार द्या, म्हणजे पाहणाऱ्यांना त्रास नको. आपला अधिकारी समोर असू द्या, मूर्तीला हात आपलेच लोक लावतील, उजेड किती चालेल ते आपण ठरवा, आणि सगळ्या फायली त्याच दिवशी आपल्या ताब्यात घ्या. काम कच्चं वाटलं तर पुसून टाका आणि आपल्या तज्ज्ञांकडून चांगलं करून घ्या. तसं झालं तर आम्हाला आनंदच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
कळंब, जि. धाराशिव

ता. क. : सोमवार ठरला तर आठवडाभर आधी कळवावं. त्याला दुकान बंद ठेवावं लागेल, आणि ह्या वेळी डबे आम्ही नंतर खाणार आहोत.